वकीलसाहेब का उभे राहिले?

प्रथम तारखा आणि जबाबदारी. नेमके आकडे न्यायालयाच्या कागदांत आहेत. येथे वाचकांच्या लक्षात राहतील अशा खुणा देतो.

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी गणिताची प्रश्नपत्रिका शाळेबाहेर गेली. कपाटाला दोन किल्ल्या होत्या, एक तिथे शिकवणाऱ्या माझ्या पत्नीकडे आणि दुसरी कार्यालयात. जबाबदार कोण, हे संस्थेच्या चौकशी समितीला ठाऊक असावे. त्याच वर्षी, उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी, 'उद्यापासून येऊ नये' असा निरोप माझ्या पत्नीला शिपायाकरवी आला. जबाबदार: संस्थेचे कार्यवाह. आम्ही दिवाणी दावा लावला आणि चौकशीचा अहवाल मागितला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या तारखेला संस्थेने लेखी कळवले की अहवाल गोपनीय आहे, साक्षीदारांना तसा शब्द दिलेला आहे. जबाबदार: पुन्हा कार्यवाह, आणि त्यांचे वकील. संक्रांतीनंतर तो अहवाल एका माणसाने, न्यायालयाच्या हुकमाने, वाचला. उगादीचा पाडवा झाल्यावर त्याच माणसाने तो लाखबंद लखोट्यातच, एक अक्षरही न सांगता, परत केला. जबाबदार: तो माणूस. गेल्या श्रावणात तो वारला. याला कोणी जबाबदार नाही. वय झाले होते. आणि गेल्या महिन्यात संस्थेने अर्ज दिला की अहवालाचे आता प्रयोजन उरलेले नाही, तरी लखोटा न उघडता संस्थेला परत मिळावा. जबाबदार कोण, हे मी शेवटी सांगेन.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला मनुष्य आहे. वृत्तपत्रांना, नगरपालिकेला, वीजमंडळाला आणि पोस्टमास्तरांना मी आजवर पुष्कळ पत्रे लिहिली. ज्याच्यावर मी इतका संतापलो, आणि ज्याला एकही पत्र लिहू शकलो नाही, असा एकच माणूस माझ्या आयुष्यात आला. तो आमच्याच रस्त्यावर, धारवाडच्या मळमड्डीत, चार घरे सोडून राहत असे. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. त्यांनी वकिली केव्हाच सोडली होती, पण न्यायालयाने त्यांना सोडले नव्हते, याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

दिवाणी दाव्यात एक बाजू म्हणते, कागद दाखवा. दुसरी म्हणते, तो गोपनीय आहे. कागद पाहिल्याशिवाय तो दाखवण्याजोगा आहे की नाही हे ठरत नाही, आणि एकदा दाखवला की ठरवायचे काही उरत नाही. न्यायाधीश स्वतः वाचू शकतात. परंतु वाचलेले मनातून पुसून निकाल देणे हे कोणत्याही माणसाला जड जाते. या पेचातून आमच्याकडे एक वाट पडली होती. दोन्ही पक्षांच्या संमतीने न्यायालय एक कमिशनर नेमी. तो एकट्याने कागद वाची, आणि कोणती पाने दाखवावीत, कोणती नावे झाकावीत, एवढेच लिहून देई. मजकूर त्याच्यापाशीच राही. हे काम करायला वकील पुष्कळ मिळतील. मजकूर पोटात ठेवणारे मिळत नाहीत. म्हणून हुबळी असो की धारवाड, कुणाच्या दाव्यात असा कागद निघाला की दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच नाव येई. कानडी पक्षकार त्यांना 'लकोटी वकीलरु' म्हणत. लखोट्याचे वकील.

त्यांची वाचण्याची रीत मी अनेकदा पाहिली, कारण ते वाचत ते घराच्या पुढच्या व्हरांड्यात, भर सकाळी, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल असे. दोन्ही बाजूंच्या वकिलांना बाकावर बसवीत. स्वतः खुर्ची भिंतीकडे वळवून, वकिलांकडे पाठ करून बसत. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेबाहेर ठेवून कागद धरीत, म्हणजे काही टिपून घेत नाहीत हे मागून दिसावे. आणि लाख फोडण्यापूर्वी एक अख्खी, न कातरलेली सुपारी गालात ठेवीत. वाचून झाले, लखोटा पुन्हा बंद झाला, लाखेवर शिक्का उठला की मग ती सुपारी बाहेर निघे.

"सुपारी कशाला?" असे मी एकदा, आमचे बोलणे चालू होते त्या काळात, विचारले होते.

"तोंडात काही असलं की माणूस 'अरेच्चा' म्हणत नाही," ते म्हणाले.

"आणि भिंतीकडे तोंड?"

"तोंड फार बोलतं हो. माझं तर जन्मापासून चहाडखोर. पाठ बघा, किती सज्जन."

हा मनुष्य थट्टा करीत नसे. त्याला आपल्या चेहऱ्याचा खरोखरच भरवसा नव्हता, आणि त्या अविश्वासावर त्याने सगळे आयुष्य बेतले होते.

त्यांच्या घरी त्यांची थोरली विधवा बहीण होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. वकीलसाहेबांनी लग्न केले नाही. याचे कारण विचारले असता त्यांनी 'तो दुसऱ्या पक्षाचाही प्रश्न आहे' असे उत्तर दिल्याचे अक्का सांगतात, आणि तो दुसरा पक्ष कोण हे त्यांनाही शेवटपर्यंत कळले नाही.

"लहानपणापासून असाच बघा हा," अक्का म्हणायच्या. "मॅट्रिकचा निकाल लागला. अप्पांनी विचारलं, काय झालं रे? तर म्हणतो, निकाल माझा आहे. अप्पांनी छडी काढली. छडी खाल्ली, पण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर पेढे मागायला आले तेव्हा कळलं, पहिला आला होता म्हणून."

जुन्या हुबळीतल्या दोन भावांचा शेंगांच्या चटणीचा दावा पुष्कळांना आठवत असेल. वडिलांनी प्रमाण लिहून ठेवलेला कागद थोरल्याकडे. धाकटा म्हणे, दाखव. थोरला म्हणे, ते धंद्याचे गुपित. कागद वकीलसाहेबांच्या व्हरांड्यात आला. त्यांनी तो सुपारीसह वाचला, दोन ओळींचा अभिप्राय दिला, भाऊ आपापल्या घरी गेले. शिक्षा झाली ती अक्कांना. त्या दिवसापासून वकीलसाहेबांनी शेंगांच्या चटणीला हात लावला नाही. ताटात वाढली तरी चटणीची बाजू भिंतीकडे करीत.

"मी नुसतं विचारलं, मीठ बरोबर पडलंय का बघ," अक्का सांगत होत्या. "तर पानावरून उठला. म्हणे, मी जास्त म्हणालो तरी कुणी अर्थ काढेल, कमी म्हणालो तरी काढेल. धारवाडात राहून घरात शेंगाचटणी नाही, असं आमचं एकच घर असेल. मला खावीशी वाटली की तुमच्या बायकोकडे येते मी."

अमरगोळच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने, त्याचे प्रकरण चालू असताना, हापूसची पेटी आणून ठेवली. वकीलसाहेबांनी ती परत केली असती तर मी त्यांना सरळमार्गी म्हटले असते. त्यांनी पेटी उघडली, आंबे मोजून बरोबर अर्धे केले आणि अर्धे विरुद्ध पक्षाच्या घरी रिक्षाने पाठवले. तिकडे समजले की समोरच्याने तडजोडीचा हात पुढे केला आहे. आठवड्यात दावा मिटला. पक्षकार खूष, वकील निम्मे खूष, आणि वकीलसाहेब मात्र महिनाभर खिन्न, कारण त्यांच्या मते आंब्यांचे अस्तित्वही उघड व्हायला नको होते.

असा माणूस आमच्या प्रकरणात कमिशनर नेमला गेला. संस्थेच्या वकिलांनीच त्यांचे नाव सुचवले. ते आमचे शेजारी आहेत हे मी स्वतः न्यायालयाच्या नजरेस आणले. त्यावर संस्थेचे वकील हसून म्हणाले, "त्यांचे शेजारी म्हणजे भिंतीचे शेजारी. काही अडचण नाही." मीही संमती दिली. घरी येऊन मी पत्नीला म्हणालो की आता अहवाल बाहेर येणार, कारण हा मनुष्य जे खरे तेच लिहील. ती म्हणाली, "लिहील ना?"

नेमणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणे थांबवले. माझी एक छत्री त्यांच्याकडे होती. ती त्यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना बोलावून, त्यांच्या देखत मला परत केली आणि पोच घेतली. मी सही करताना म्हणालो, "वकीलसाहेब, ही छत्री आहे." ते माझ्या वकिलाकडे पाहून म्हणाले, "आपल्या पक्षकारांना सांगा, मला ठाऊक आहे."

माझ्या पत्नीची बाब येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण वाचकांना हे नुसते विक्षिप्तपणाचे किस्से वाटतील. ती शाळेत गणित शिकवत असे. शाळा सुटल्यावर आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी घालून गल्लीतल्या आणि आसपासच्या मुलींना बसवून घेई. त्याचे ती काही घेत नसे. तो निरोप आल्यानंतर मुली आधी चारच्या तीन झाल्या, मग एक, मग एकही नाही. कोणी भांडले नाही, कोणी काही बोलले नाही. एका मुलीच्या आईने फक्त एवढे म्हटले, "बाई, हिला आता कन्नडचा क्लास लावलाय." ती मुलगी कन्नडमध्ये वर्गात पहिली होती. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली ती अजून तशीच आहे. हळदीकुंकवाला गेली की ओळखीच्या बायका विचारतात, "बाई, अचानक कसं सोडलंत?" या प्रश्नाचे उत्तर त्या लखोट्यात आहे. माझा सगळा दावा एवढ्यासाठी आहे. तिला नोकरी परत नको, भरपाई नको. प्रश्नपत्रिका कोणी फोडली हे चौकशीत जे निघाले ते लोकांसमोर यावे, इतकेच.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी वकीलसाहेबांनी अहवाल वाचला. मी माझ्या गच्चीवरून पाठ पाहत होतो. पाठ सज्जन होती, हे मान्य करतो. ती तसूभर हलली नाही. वाचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि शेवटी एक पान त्यांनी पुन्हा मागे उलटून वाचले. मग लाख, मग शिक्का, मग सुपारी बाहेर. संस्थेचे वकील आणि आमचे वकील एकाच रिक्षातून निघून गेले.

आता त्यांच्या गुडघ्यांविषयी. वकीलसाहेबांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. संध्याकाळी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले की दिवेलागणीलाच अक्कांच्या आधाराने उठत. मध्ये कोणी आले तरी बसूनच नमस्कार. एकदा एक बडे न्यायाधीश, निवृत्तीनंतर, मुद्दाम भेटायला आले, तेव्हाही वकीलसाहेब बसूनच होते आणि न्यायाधीशच वाकले. मळमड्डीत कोणी याचे वाईट वाटून घेत नसे.

अहवाल वाचला त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, माझी पत्नी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या घरावरून येत होती. वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. तिने सवयीप्रमाणे मान खाली घालून पुढे जायचे ठरवले होते. प्रकरण चालू असताना त्यांच्याकडे पाहायचे नाही, हे आम्ही दोघे पाळत होतो. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. खांबाला धरले. आणि उभे राहिले. नमस्कार नाही, शब्द नाही. ती कोपरा वळेपर्यंत ते तसे, खांबाला धरून, उभे होते. मग बसले.

हे तिने मला घरी येऊन सांगितले नाही. मला ते न्यायालयात कळले, कारण त्याच वेळी संस्थेचे वकील समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण द्यायला स्कूटरवरून आले होते.

पुढच्या तारखेला त्यांनी हरकत दाखल केली. तोंडी युक्तिवाद त्यांनी चांगला केला, हे मी शत्रू असूनही म्हणेन. "जे गृहस्थ भल्याभल्यांसाठी खुर्ची सोडत नाहीत," ते म्हणाले, "ते गोपनीय अहवाल वाचून आठवडा व्हायच्या आत वादीसाठी उभे राहतात. यातून वादीला अहवालाचा आशय कळलेला आहे. गोपनीयतेचा भंग झाला आहे. आणि कमिशनर एका बाजूला झुकले आहेत."

न्यायाधीशबाईंनी वकीलसाहेबांना बोलावले. ते काठी टेकत आले. बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"उभे राहिला होता?"

"राहिलो होतो, मॅडम."

"का?"

"ते सांगता येणार नाही."

"तुमचे गुडघे दुखतात म्हणे."

"दुखतात. तेही आता नोंदीवर आलं म्हणायचं."

मागे कोणीतरी हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "वकीलसाहेब, मी सोपा प्रश्न विचारते. पाय मोकळे करायला उठलो, एवढं म्हणालात तर ही हरकत मी आत्ता फेटाळते."

संपूर्ण न्यायालय त्यांच्याकडे पाहत होते. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, म्हणा, पाय मोकळे करायला उठलो, म्हणा. चार शब्दांनी आमचा अहवाल बाहेर येणार होता. वकीलसाहेबांनी भिंतीकडे पाहिले.

"लखोट्यातलं बोलायची मला परवानगी नाही," ते म्हणाले. "आणि लखोट्याबाहेरचं खोटं बोलायची सवय नाही. जे लिहून घ्यायचं ते घ्या."

न्यायाधीशबाईंनी हरकतीवरचा निर्णय पुढच्या तारखेवर ठेवला. आणि त्या मधल्या काळात वकीलसाहेबांनी जे केले त्याने माझ्या सहनशक्तीचा अंत पाहिला.

ते सगळ्यांसाठी उभे राहू लागले.

सकाळी दूधवाला आला की उभे. गॅसवाला आला की उभे. शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा गेली की उभे, आणि मुले खिदळत. शेळ्या घेऊन जाणाऱ्या बाईसाठी उभे, ती शेळ्या पुढे घालून थांबे आणि म्हणे, "याक निंत्री, अप्पा? कुंड्री, कुंड्री." का उभे राहिलात, बसा म्हणून विनवे. ते बसत नसत, शेळ्या जाईपर्यंत. संस्थेचे वकील स्कूटरवरून पीठ न्यायला आले, त्यांच्यासाठीही उभे राहिले, आणि त्या गृहस्थांना इतके कानकोंडे झाले की ते पीठ न घेताच परत फिरले. एक दिवस स्वतः कार्यवाह मोटारीतून गेले. त्यांच्यासाठीही.

अक्का रडकुंडीला आल्या. "दार उघडलं की हा उभा. मी चहा घेऊन आले तरी उभा. म्हटलं, अरे, मी तुझी बहीण, माझा कसला दावा? तर म्हणतो, अक्का, एकदा उभा राहिलो ते झाकायचंय, शंभरदा उभं राहावं लागेल. रात्री तेल लावताना पाय हातात धरवत नाहीत, इतके सुजलेत. तुम्ही सांगा की हो त्याला."

मी सांगायला गेलो. प्रकरणाची शिस्त मोडून गेलो. मला पाहताच ते खांबाकडे हात नेऊ लागले.

"बसा," मी म्हणालो. "वकीलसाहेब, हे काय चालवलंय? तुम्ही एकदा माणसासारखे वागलात. आता त्याची माती करताय."

"विचारणं हा तुमचा अधिकार आहे," ते उभे राहत म्हणाले.

"मी विचारत नाही, मी सांगतोय. अहवाल तुमच्या शिफारशीने बाहेर येऊ शकतो. लिहा आणि मोकळे व्हा."

"कमिशनरवर हरकत आहे. हरकत असताना लिहिलेलं टिकत नाही."

"मग हरकत खोडा."

"हरकत खरी आहे," ते म्हणाले. "मी तोंड भिंतीकडे केलं होतं. हात लांब ठेवले होते. सुपारी होती. पायांचं काही करायचं राहिलं."

मी उलटपावली निघालो, निदान ते खाली बसावेत म्हणून.

पुढच्या तारखेला त्यांनी स्वतःहून अर्ज दिला: कमिशनरच्या वर्तनातून कागदाच्या आशयाविषयी तर्क करण्यास जागा निर्माण झाली आहे, सबब मला या कामातून मुक्त करावे, लखोटा यासोबत जसाच्या तसा परत. न्यायाधीशबाईंनी अर्ज मंजूर केला. नवा कमिशनर नेमायचे ठरले, त्यावर दोन्ही बाजूंचे एकमत होईना. मग बाईंची बदली झाली. मग तारखा.

त्यानंतर मी वकीलसाहेबांशी बोललो नाही. ते मात्र उभे राहत राहिले. प्रकरणातून मुक्त झाल्यावरही. मी समोरून गेलो की उभे. मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो, त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्या गुडघ्यांसाठी. हे येथे लिहितो कारण माझी पत्नी हे वाचणार आहे आणि तिला ते ठाऊक नव्हते.

ती मात्र त्या रस्त्याने जाणे सोडीना. मी चिडून एकदा म्हणालो, "तो मनुष्य शेळ्यांसाठीही उभा राहतो. तुला त्यात काय मिळतं?"

"अहो, शेळ्या नंतर आल्या," ती म्हणाली.

"आणि लोकांना काय कळलं त्यातून?"

"लोकांचं तुम्ही बघताय की. पत्रं चालू आहेत ना तुमची? मला जे कळायचं होतं ते त्या दिवशी भाजी आणताना कळलं. मी पिशवी खाली ठेवून स्वयंपाकघरात बराच वेळ बसले होते. तुम्हाला वाटलं मी दमले."

गेल्या श्रावणाच्या सुरुवातीला अक्कांचा निरोप आला की तो आता उठत नाही, येऊन जा. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी सदरा घातला.

वकीलसाहेब आतल्या खोलीत खाटेवर होते. भिंतीकडे तोंड करून. अक्का म्हणाल्या, "कोण आलंय बघ." त्यांनी मान वळवली, आम्हाला पाहिले, आणि उशाजवळच्या काठीकडे हात नेला. अक्का ओरडल्या, "पड रे मुकाट्यानं." हात काठीवरून निघाला नाही. पाय चादरीखाली हलले, थोडे, एकमेकांजवळ आले.

माझी पत्नी पुढे झाली. तिने काठी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"वकीलसाहेब, आज बसा," ती म्हणाली. "एकदा उभे राहिलात, तेवढं पुष्कळ झालं."

त्यांनी छताकडे पाहिले. मग हळू म्हणाले, "मी सगळ्यांसाठीच उभा राहतो, बाई."

"हो," ती म्हणाली. "पण आधी माझ्यासाठी."

वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. तो चेहरा चहाडी करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याचे वर्णन मी करणार नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यांनी उशीखाली चाचपले, एक अख्खी सुपारी काढली आणि गालात ठेवली.  आठवडाभराने ते गेले.

हे व्यक्तिचित्र मी लिहायला घेतले तेव्हा पत्नी म्हणाली, "लिहा. पण त्यांच्या गुडघ्यांची थट्टा करू नका." मी केली नाही. माझा त्या माणसावरचा राग गेलेला नाही. चार शब्दांचे एक निरुपद्रवी खोटे बोलून त्याने आमचे काम केले असते. ते न बोलता त्याने आपले पाय झिजवले आणि आमचा दावा बुडवला. असा माणूस शेजारी असणे हा एक प्रकारचा छळ आहे, आणि तो छळ पुन्हा कोणी आणून देईल तर मी दोन्ही पक्षांच्या संमतीने स्वीकारीन.

उरला संस्थेचा अर्ज. दिवाळीनंतर त्यावर सुनावणी आहे. लखोटा न उघडता परत गेला तर तो पुन्हा कोणी वाचणार नाही, आणि ज्याने वाचला तो आता नाही. अहवालात काय आहे याविषयी मी कोणताही तर्क करीत नाही. मी फक्त जे सर्वांनी पाहिले, जे संस्थेच्याच वकिलांनी लेखी नोंदवले, ते पुढे ठेवतो: ज्याने आयुष्यभर आपला चेहरासुद्धा कोणाला वाचू दिला नाही, तो मनुष्य संस्थेचा अहवाल वाचून एका शिक्षिकेसाठी, दुखऱ्या गुडघ्यांवर, उभा राहिला.

त्या अर्जाला जबाबदार: आपण, कार्यवाह महाशय. तो का उभा राहिला? ते कारण अहवालात नसेल तर लखोटा उघडायला आपली हरकत असू नये. साक्षीदारांना दिलेला शब्द पाळायचा असेल तर त्यांची नावे झाकता येतील, झाकायची रीत आमच्या गावाला माहीत आहे. आणि कारण अहवालातच असेल, तर तो परत कशासाठी हवा, हे आपण सुनावणीपूर्वी, वृत्तपत्रांतून, आपल्या सहीने, सर्वांना सांगावे. शिपायाकरवी निरोप चालणार नाही.

आपले गुडघे शाबूत आहेत, हे मी पाहिलेले आहे. उत्तर उभे राहून द्यावे.